बेल उचलल्यावर बंद केलेली गोळी

मी देवभोळी आहे आणि त्यातून हट्टी. या दोन्हींच्या भरात माझ्या हातून जे झालं, ते इथे लिहिते आहे.

आम्ही मोताळ्याचे. यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, मुलगी दहावीला. दारूपायी दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा मी यांना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दारूची ओढ कमी करणारी रोजची एक गोळी दिली आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशक ताईंकडे बोलायला यायला सांगितलं. गोळी रोज सकाळी मी माझ्या हातानं द्यायची, असं ठरलं. तीन महिने यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. मला मात्र एक दिवस स्वस्थता नव्हती. पंधरा मिनिटं उशीर झाला की मी दारात. हे घरात आले की आधी वास घ्यायची, मग पाणी द्यायची.

श्रावणातल्या एका सोमवारी, पुन्हा पिणार नाही म्हणून, यांनी महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलला. आमच्याकडे बेल उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द. ती मोडली तर घरादारावर येतं, असं मानतात. मला वाटलं, सुटलो. देवाला शब्द दिल्यावरही गोळी खायची म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही, असंच सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी देणं बंद केलं. यांनी एकदा विचारलं, तर म्हटलं, आता गरज नाही. बुलढाण्याची पुढची फेरीही मीच चुकवली. हे बिचारे माझ्यावर विसंबले.

दहा-बारा दिवसांत यांचं चित्त उडालं. भरल्या ताटावरून उठायचे, गिऱ्हाइकांवर खेकसायचे, हात चोळत अंगणात फेऱ्या मारायचे. मला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. देव परीक्षा पाहतो आहे असं समजून मी उपास वाढवले.

एका दुपारी हे जेवायला आले नाहीत, फोनही उचलेनात. दुकानात काय दिसेल या भीतीनं मी तिकडे जायचं सोडून देवळात धावले. गाभाऱ्याच्या दाराशी एक अनोळखी म्हातारी होती. तिनं तळहातावर तीर्थ घेतलं, पदराची गाठ सोडून एक गोळी काढली आणि त्याच तीर्थाबरोबर गिळली. देवासमोर गोळी कशी काय घेता, असं मी तिला जरा तिखटपणेच विचारलं.

"फिट येते माय मले," ती म्हणाली. "लगन झालं तवापासून घेऊन राह्यली."

"मंग देवावर भरोसा नाही का?"

"देवच त याद करून देते, गोळी घे म्हणून. तो काऊन रागावन?"

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. नंतर मी पुष्कळांना विचारलं. ती कोणाच्याच ओळखीची निघाली नाही. ती कोण, कुठली, याच्या खोलात मी शिरत नाही. मला त्या घडीला तिची गरज होती आणि ती तिथे होती.

मी तशीच दुकानाकडे निघाले. शटर अर्धं खाली होतं. हे आत जमिनीवर बसले होते, प्यालेले. मला पाहून रडायला लागले.

"मायाकून शपथ मोडली. आता आपल्या पोरीवर काही आलं त?"

याच भीतीनं ते घरी आले नव्हते. मी शेजारी बसले. "शपथ तुम्ही घेतली, पण गोळी मी बंद केली. पाप असन त ते मायं हाये."

त्यांनी मान फिरवली. हा माणूस आता माझं तोंड पाहणार नाही, असंच मला वाटलं. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "उद्या सकायची बुलढाण्याची पयली गाडी कितीले हाये?"

ताईंसमोर मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. देवाला दिलेला शब्द आणि गोळी एकमेकांच्या आड येत नाहीत, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा असं करू नका, म्हणाल्या. डॉक्टरांनी तपासून गोळी परत सुरू केली.

आज सात महिने झाले. मुलगी सुखरूप आहे, दुकान चालू आहे. भीती गेली, असं खोटं लिहिणार नाही. पण पूर्वी मी देवाला काय करायचं ते सांगायची. आता तो ज्यांच्या हातून करतो त्यांचं ऐकते, आणि त्याचे उपकार मानते. दर पंधरा दिवसांनी हे ताईंच्या खोलीत जातात, दार लागतं, मी बाहेरच्या बाकावर बसते. कधी कधी आतून यांच्या रडण्याचा आवाज येतो. पूर्वी मी उठून दाराला कान लावला असता. आता हात जोडते आणि बसून राहते.