मिरच्यांचा खटला

आमच्याकडे गृहप्रवेशाला संविधानाची उद्देशिका वाचली होती. बारसं असो की वाढदिवस, ती वाचल्याशिवाय बाबा कुणाला जेवायला बसू देत नाहीत. ते कोर्टात स्टेनो होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काचीगुड्यातल्या आमच्या अपार्टमेंटचा कारभार मनावर घेतला. तिथे सेक्रेटरीच नियम करायचा, तोच दंड लावायचा आणि दंडाविरुद्धची तक्रारही तोच ऐकायचा. बाबांनी सभेत हट्टच धरला: नियम सभेने करावेत, सेक्रेटरीने ते राबवावेत, तक्रारी तिसऱ्याच कुणीतरी ऐकाव्यात. लोकांनी कंटाळून हो म्हटलं आणि तक्रार समिती बाबांच्याच गळ्यात मारली. सोबतीला दोन शेजारी दिले.

पहिलीच तक्रार आईविरुद्ध आली. दर उन्हाळ्यात ती काळ्या मसाल्यासाठी गच्चीवर मिरच्या वाळत घालायची. वर्षभराचा मसाला, त्यात नांदेडच्या मावशीचाही वाटा. पण वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्या मिरच्यांनी ठसका लागायचा.

सेक्रेटरी म्हणाला, "साब, आपके घर का मामला है. आप नक्को बैठो."

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच बाबांना झोंबलं. आपण घरच्यांनाही सोडत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. ते बसले आणि आईला न बोलावताच त्यांनी गच्चीवर मिरच्यांना बंदी घातली. सभेत टाळ्या पडल्या.

घरी आईने त्यांचं ताट वाढलं. "निकाल तुम्ही दिला, टाळ्या तुम्ही घेतल्या. मला कुणी इचारलं का? आता मी दाद कुणाकडं मागू?"

बाबा जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली नाही, आईसाठी मात्र फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल मागे घेतला. प्रकरण उरलेल्या दोघांकडे सोपवलं आणि स्वतः खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. आई समितीपुढे गेली, अर्धं मराठीत, अर्धं दखनीत भरपूर बोलली. निकाल तोच लागला.

ती परतली तेव्हा चेहरा मोकळा होता. "हरले," म्हणाली, "पण माझं पुरतं ऐकून घेतलं त्यांनी."

आता मसाला गौलीगुड्यातून विकत येतो. तो बाबांच्या घशाखाली उतरत नाही. पण स्वयंपाकघरात नियम करणारी, राबवणारी आणि तक्रार ऐकणारी एकच आहे. बाबांची तक्रार अजून दाखल झालेली नाही.