शकूताईंचा भोंगा आणि आमचा सायकलवर्ग

ज्या बाईने कानठळ्या बसवून मला सायकल शिकवली, ती आज गेली.

सकाळी शकूताईंच्या मुलाचा फोन आला. मी मिळेल त्या बसने निघाले. गुडीहत्नूर मागे पडलंय, वांकिडी अजून लांब आहे. बसमध्येच लिहितेय.

शकूताई आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत बाई होत्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी वांकिडी, आणि बसचा काही भरवसा नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "सायकल येत असन तं जाय. नाई तं घरी राय."

रागाने नाही म्हणाले. पण ते बदलणार नाही, हे मला कळलं होतं.

त्या उन्हाळ्यात शकूताईंनी मुलींचा सायकलवर्ग काढला. पहिला दिवस रस्त्यावर.

चहाच्या टपरीवरून लगेच सुरू झालं.

"काऊन वं, इमान उडवून राह्यल्या का?"

"सांभाळ माय, लग्नाआधी दात पडतीन!"

दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली आल्याच नाहीत. आयांनीच थांबवलं.

ताईंनी वर्ग आत नेला. कापसाचा सीझन संपला की जिनिंगची टिनाची शेड रिकामी असायची. शेठकडून किल्ली मागून आणली.

पण टपरी शेडच्या भिंतीला लागूनच. बोललेलं सगळं आत यायचं.

मग ताईंनी त्यांच्या बौद्ध वस्तीतून जयंतीचा माईकसेट आणला. भोंगा मधल्या खांबाला बांधला. आवाज फुल्ल.

भीमगीतं, तेलुगू सिनेमाची गाणी, लग्नाचा बँड, हाताला येईल ती कॅसेट.

आमच्या काकूंनी नाक मुरडलं. "वस्तीतले गाने काऊन?"

बाबा जेवता जेवता म्हणाले, "सायकल तं शिकून राह्यली न?"

विषय संपला.

शाळेतल्या मास्तरांच्या मोठ्या जेन्ट्स सायकली. दांड्याखालून पाय घालून, कैची मारत, आम्ही खांबाभोवती गोल गोल फिरायचो. ताई मध्ये उभ्या. हात वर केला की जोरात, खाली आणला की हळू.

हल्ली जिममध्ये गाण्यांवर सायकल मारायचे क्लास असतात. लेकीने एकदा नेलं होतं. मी दारातूनच परत फिरले. तिला म्हटलं, आम्ही हे मे महिन्यात, टिनाखाली केलंय.

बाकीच्या मुलींना मजा यायची. मला नाही.

लहानपणी माझा डावा कान फुटला होता. मोठा आवाज झाला की गरगरायचं. भोंग्याच्या तोंडासमोरून गेले की तोल जायचा. प्रत्येक फेरीला.

जिनिंगचे मजूर मशीन चालू असताना कानात कापूस घालायचे. मीही शेडच्या कोपऱ्यातला कापूस घेतला. तेलात भिजवून घातला. वरून रुमाल बांधला. कान जरा शांत झाले, पण छातीत दणदणायचंच. पडले. उठले. पुन्हा पडले.

शेवटी ताईंकडे गेले.

"ताई, आवाज कमी करा ना."

"कमी केला तं टपरीवरचं आयकू येईन. उद्या पोरी घरी बसतीन. तुया एकटीसाठी करू का?"

"मंग मी कशी शिकू? मले आठवीत जायचं हाये!"

ताईंनी भोंग्याकडे पाहिलं.

"मंग भोंगा तिकडं करा ना. त्याइच्याकडं."

हे वाक्य माझं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. आज लिहिताना थांबले. मी खरंच एवढं स्पष्ट बोलले होते का? की नुसतं रडत भिंतीकडे बोट केलं, आणि वाक्य ताईंनी केलं? माझ्या मैत्रिणीला तर ते ताईंचंच आठवतं. मला खात्री नाही. आता विचारायला ताईही नाहीत.

ताई स्टुलावर चढल्या एवढं नक्की. भोंगा सोडला आणि उंच खिडकीतून त्याचं तोंड टपरीकडे करून बांधला.

आत गाणं ऐकण्याजोगं झालं. बाहेर कुणाला कुणाचं ऐकू येईना.

टपरीवाला हात जोडून आला. "बाई, गिऱ्हाईक पयून राह्यलं. आवाज कमी करा न."

"गिऱ्हाईकाइचं तोंड बंद ठेवा. मी भोंगा बंद ठेवतो."

"त्याइले कोन आवरन, बाई?"

"मंग आयका गानं."

काही दिवसांनी टपरी गप्प झाली. ताईंनी शब्द अर्धा पाळला, आवाज निम्म्यावर आणला. मी खांबाभोवतीची अख्खी फेरी न पडता पूर्ण केली. मग पुढची.

जूनमध्ये शाळा उघडली. मी दप्तर कॅरियरला बांधून निघाले.

एक गोष्ट ताईंच्याही लक्षात आली नव्हती, आमच्याही. शेडमध्ये आम्ही कायम डावीकडेच वळलो होतो. वांकिडीचा रस्ता टपरीसमोरून उजवीकडे.

मी वळलेच नाही. सरळ टपरीच्या बाकड्यावर.

टपरी हसली. किती दिवसांचं साठवलेलं हसली.

"आली माय, च्या प्याले आली!"

शकूताई समोरून शाळेला चालल्या होत्या. मला वाटलं, उचलायला येतील. आल्या नाहीत. रस्त्याच्या त्या बाजूनेच विचारलं,

"आयकू आलं का सगळं?"

"आलं."

"मंग?"

गुडघा सोलला होता. कान गरम झाले होते.

"मंग काई नाई, ताई."

सायकल उचलली. हाताने उजवीकडे फिरवली. कैचीत पाय घातला.

"जाय मंग. घंटा होईन."

मागून अजून काहीतरी म्हणत होते. सगळं ऐकू येत होतं.

मी गेले.

आठवी, दहावी, पुढे कॉलेज, नोकरी. सगळं त्या उजव्या वळणावरून गेलं.

वस्तीतल्या मुली तुम्हाला जयभीम म्हणायच्या, आम्ही नमस्ते.

आज माझा जयभीम घ्या, ताई.

वाटेतलं उटनूर आलं. तुम्हाला उचलायच्या आत पोचते.