घरीच असते

माझा व्हिसा दोन शब्दांनी नाकारला गेला. ते दोन शब्द माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी उच्चारले होते. त्याचा सूड मी घेतला. तो कसा घेतला ते इथे लिहिते आहे, आणि वाचून कुणाला मी वाईट वाटले तर वाटू दे.

जुळे सोलापुरात आमची सहा फ्लॅटची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर मी आणि बाई, दारासमोर दार. बाई म्हणजे हायस्कूलच्या शिक्षिका, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळूरला नोकरी करते, म्हणजे घरात मी एकटी. पूर्वी मी एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार बघायचे. कारखाना बंद पडला तेव्हा युरोपातल्या ज्या कंपनीला आम्ही माल पाठवायचो तिनेच विचारलं, तक्रारींचं काम घरून कराल का. हो म्हटलं. तेव्हापासून हॉटेलवाल्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. टॉवेलचे धागे निघतात, पांढऱ्यावर पिवळी झाक आली, एक गठ्ठा ओला पोचला. दुपारी बारा ते रात्री आठ मी कॉम्प्युटरसमोर असते. तिकडच्या सकाळपासून तिकडच्या दुपारपर्यंत.

हे काम बाहेर जाऊन केलं असतं तर लोकांना दिसलं असतं. पर्स, डबा, गाडीची किक. मी घरात बसून करते म्हणून ते कुणाला दिसत नाही. "ती घरीच असते की" हे वाक्य आमच्या जिन्यात इतक्या वेळा बोललं गेलंय की भिंतीला पाठ असेल. घरीच असते म्हणून गॅसचं सिलिंडर माझ्याकडे. पार्सलं माझ्याकडे. मीटर बघायला येणारा आधी माझी बेल वाजवतो. आणि पाणी. सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि आमच्या भागात ते नेमकं दुपारी येतं. बाईंची आणि वरच्या दोन नोकरदार घरांची किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. पाणी आलं की मी मीटिंग सोडून उठणार, तीन घरांतली पिंपं भरणार, नळ बंद करणार, कुलपं लावणार, परत येऊन तिकडच्या माणसाला सांगणार की नेट गेलं होतं. चार वर्षं माझं नेट दर पाचव्या दिवशी जात होतं.

बाई स्वतःला नोकरीवाली म्हणायच्या आणि मला नाही. एकदा हळदीकुंकवाला त्यांच्या शाळेतली कुणी विचारत होती, या काय करतात. बाई म्हणाल्या, काही नाही, घरी कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसते, तेवढाच वेळ जातो. मी वाण घेतलं आणि आले. असल्या गोष्टी मी विसरत नाही.

दूर समुद्रकाठचा एक छोटा देश आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी पुढे माझ्याशी बरं वागायचं ठरवलं. आपली नोकरी बरोबर घेऊन येणाऱ्यांना तो वर्षभर राहू देतो. तिथे नोकरी मागायची नाही, आपलं काम आपल्या टेबलावर करायचं, भाडं तिथे भरायचं. मला कंपनीतल्या एका बाईने कळवलं. मी नियम वाचले. वयाची अट नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच. माझं काम बाराऐवजी सकाळी आठला सुरू झालं असतं आणि संध्याकाळ माझी राहिली असती. नळाला पाणी रोज येतं का, हे मी त्यांच्या साइटवर शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. रोज येत असणार. नाहीतर कुणीतरी लिहिलं असतं.

कागदांना घाबरणारी मी नाही. कंपनीचं पत्र, विम्याची कागदं, पोलिसांचा दाखला, तिथल्या खोलीचा करार, सगळं क्रमाने लावलं. जानेवारीत अर्ज केला. मुलगी म्हणाली, आई, तू जा, मी सुट्टीत येते. बाकी कुणाला सांगितलं नाही.

एका शनिवारी मी बँकेत शिक्का मारून आणायला गेले होते. परत आले तर बाई दारातच उभ्या. शनिवारची सकाळची शाळा करून आल्या होत्या आणि खुशीत होत्या.

"अगं, एक माणूस आलावता तुझी चौकशी करत," त्या म्हणाल्या. "मी लई चांगलं सांगितलंय. म्हटलं, ती घरीच असते. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सही पण दिली."

मला वाटलं बँकेचा असेल. मी त्यांचे आभार मानले आणि गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता तोडून दिला. तो कढीपत्ता मला अजून सलतो.

तीन आठवड्यांनी नकार आला. पत्र इंग्रजीत होतं, पण वाचता वाचता मला मराठी ऐकू येत होतं. अर्जदाराच्या पत्त्यावर प्रत्यक्ष चौकशी केली असता, अर्जदार कुठेही नोकरी करत नाहीत, घरीच असतात, असे शेजाऱ्यांनी लेखी सांगितले. त्यामुळे नोकरीच्या कागदपत्रांबद्दल खात्री पटत नाही. व्हिसावाल्यांनी कागद तपासायला एक एजन्सी नेमली होती आणि तिचा माणूस त्या शनिवारी येऊन गेला होता.

मी पत्र घेऊन बाईंकडे गेले. रागावले नव्हते, अजून नाही. नीट समजावून सांगितलं की मला वर्षभर बाहेर जायचं होतं, ते त्यांच्या सहीमुळे राहिलं. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी पत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "मग मी खोटं काय बोलले? घरीच असतेस की."

एक शब्द जरी त्या वेगळा बोलल्या असत्या, अरेरे एवढं जरी म्हणाल्या असत्या, तर पुढचं काही झालं नसतं.

सोमवारी सकाळी मी गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेले आणि एक पाटी करून घेतली. "कार्यालय. वेळ दुपारी १२ ते रात्री ८. कामाच्या वेळेत बेल वाजवू नये." निळ्यावर पांढरी अक्षरं. त्याने विचारलं, कशाचं कार्यालय ते नाही टाकायचं? म्हटलं, नको, तेवढं पुरे. ती बेलच्या वर चिकटवली. खिळ्यावरच्या तिन्ही किल्ल्या पाकिटांत घालून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. वरची दोघं गोंधळली. बाई हसल्या. "बघू किती दिवस टिकतंय," असं त्या वरच्यांना म्हणाल्याचं मला जिन्यातून ऐकू आलं.

सोलापुरात बऱ्याच घरांत नळ उघडाच ठेवायची सवय असते, पाणी आलेलं कळावं म्हणून. बाईंचाही उघडाच असायचा, खाली पिंप. पिंप भरलं की मी जाऊन बंद करायचे. त्या गुरुवारी शाळेला जाताना बाईंनी किल्लीचं पाकीट परत माझ्या दाराखालून आत सरकवलं होतं. दीडला पाणी आलं. भिंतीपलीकडून आधी नळाची फुसफुस, मग धार, मग भरलेल्या पिंपावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मी एका हॉटेलला पायपुसण्यांबद्दल लिहीत होते. लिहीत राहिले. अडीचला पाणी त्यांच्या दाराखालून जिन्यात आलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन माझ्या दारावर थाप मारली, पाटी वाचली आणि थांबले. चारला पाणी गेलं.

बाई साडेपाचला आल्या. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांनी पलंगाखाली ठेवले होते. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दहावीची भूमिती वाळत होती, प्रत्येक पेपरवर एक खडा. मला वाईट वाटलं ते पाण्याचं. पाचव्या दिवसाचं पाणी जिन्यातून वाहून जाणं हे सोलापुरात पाप आहे, आणि ते मी केलं. पण बाईंकडे पाहून काही वाटलं नाही.

त्यांनी आठला, बरोबर आठला, माझी बेल वाजवली. पाटी त्यांनीही पाळली, हे मी मनात टिपून ठेवलं. तुला आवाज येत नव्हता का, असं त्यांनी विचारलं. येत होता, मी म्हणाले. मग उठली का नाहीस?

"बाई, तुम्ही वर्गात असताना शेजारणीचा नळ बंद करायला येता का?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद. त्यांनी इमारतभर सांगितलं की मी माणसातून उठले. मी नाही म्हटलं नाही. दर पाचव्या दिवशी माझी मीटिंग व्यवस्थित पार पडू लागली. तिकडच्या साहेबांनी विचारलं, नेट बदललंत का.

मेअखेर बाई निवृत्त झाल्या. नारळ, शाल, फोटो. मला बोलावलं नाही. जूनमध्ये मी पुन्हा अर्ज केला. मुलगी म्हणाली, या वेळी निदान समोर बोलून ठेव, दोन शब्द गोड बोल. मी म्हटलं, मरेन पण बोलणार नाही. मात्र या वेळी ठरवलं होतं की चौकशीचा माणूस आला की मी घरातच असायचं, टेबल दाखवायचं, काम दाखवायचं. दुसऱ्यांदा नकार आला की तिथे पाच वर्षं अर्ज करता येत नव्हता. माझी आता बावन्न झाली आहेत.

तो जुलैत आला. तोच माणूस. कुर्डुवाडीहून मोटारसायकलवर यायचा, आसपासचे तालुके एकट्याने करायचा. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी मीटिंगमध्ये, चार चेहरे समोर, माझा कॅमेरा चालू. जिन्यात बुटांचा आवाज आला. दारापाशी थांबला. मी कान दिला. बेल वाजली नाही.

त्याने पाटी वाचली होती. शहाणा माणूस. वळला आणि बाईंची बेल वाजवली.

माझ्याच पाटीने मला बुडवलं होतं. माइक बंद केला आणि खुर्चीवरून उठणार तोच बाईंचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, निवृत्तीनंतरही तसाच.

"घरी? ती कसली घरी असते?"

मी पुन्हा बसले.

"बारा वाजले की ऑफिस. दार उघडायची नाही, बेल वाजवू द्यायची नाही. माझ्या घरात पाणी शिरलं, माझे पेपर भिजले, ही खुर्चीवरनं हलली नाही. परदेशातल्या साहेबांशी इंग्रजीत गप्पा. नोकरीपुढं तिला माणूस दिसत नाही."

"म्हंजे नोकरी हाय म्हणायची," तो म्हणाला. "मागं तुमीच बोललावता, न्हाय म्हणून."

"तेव्हा मला काय माहीत अशी आहे म्हणून? तीस वर्षं मी सरकारी पगार घेतला, पण असली नोकरी नाही केली. लिहा तुम्ही. सगळं लिहा. सही करते."

समोर स्क्रीनवर कुणीतरी मला उशांच्या अभ्र्यांबद्दल विचारत होतं. मी मान हलवली. पलीकडे तो शांतपणे लिहून घेत होता आणि बाई त्याला कामाची वेळ सांगत होत्या, बारा ते आठ, आठ म्हणजे आठ. पाणी कुठवर आलं होतं तेही लिहा म्हणत होत्या. मीटिंग संपल्यावर मी दार उघडलं तेव्हा तो बूट घालत होता. आत येऊन त्याने टेबल पाहिलं, फोटो काढला, पाणी प्यायला. बाईंचा जबाब दोन पानी झाल्याचं म्हणाला. एवढा पक्का जबाब त्याला कधी मिळाला नव्हता.

ऑगस्टमध्ये व्हिसा आला.

मी पेढे घेतले आणि बाईंची बेल वाजवली. पाच महिन्यांनी. त्यांनी दार उघडलं, पेढे पाहिले, मला पाहिलं. मी सांगितलं की वर्षभर जाते आहे, आणि हे त्यांच्याच सहीने झालं. त्या माणसाला त्यांनी माझ्या नोकरीबद्दल जे सांगितलं त्यावर सगळी खात्री पटली. त्यांच्या चेहऱ्यावर जे एकामागोमाग आलं ते मी उभी राहून पूर्ण पाहिलं. पेढा त्यांनी घेतला. सवयीने घेतला, हातात धरून राहिल्या.

मग माझी नजर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर गेली. चौकटीला एक नवा खिळा होता आणि त्याला दोन किल्ल्या. वरच्या दोन घरांच्या. जूनपासून त्यांच्याकडेच असतात, म्हणे. बाजूला कुणाचं तरी पार्सल, आणि जमिनीवर दोन सिलिंडर.

मी माझी किल्ली काढली.

"कढीपत्त्याला पाणी घाला दर पाचव्या दिवशी," मी म्हणाले. "तुम्ही आता घरीच असता की."

खाली कुणीतरी पाणी आलं, पाणी आलं म्हणून ओरडत होतं. बाईंनी माझ्या हातातून किल्ली घेतली, खिळ्याला लावली आणि वरच्यांच्या दोन्ही किल्ल्या काढून जिना चढू लागल्या. पेढा अजून हातातच होता.