काहूनचा रकाना

सन १८६५, नोव्हेंबरची सहा तारीख, सोमवार. कॅम्पातील चौकीवर सकाळी सातचे टोल पडत असताना मी आमच्या बागेतील विहिरीत गाठींचा दोर सोडला आणि सतरा गाठी मोजल्या. माझ्या आयुष्यातील अभ्यासाचा आरंभ मी या क्षणापासून धरते. त्या वेळी माझे वय अकरा होते आणि हे काम माझे नव्हते.

काम माझ्या थोरल्या भावाचे होते. तो अमरावतीच्या इंग्रजी शाळेत जात असे. त्याच्या मास्तरांनी वर्गाला सांगितले होते, की प्रत्येकाने कोणतीही एक गोष्ट तीस दिवस रोज एकाच वेळी मोजावी. भावाने विहीर निवडली, कारण ती घराजवळ होती. अंबाडीच्या दोराला त्याने हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला लहान गडवा बांधला आणि काठावरच्या चपट्या दगडापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोन दिवस इमानाने मोजले. तिसऱ्या दिवशी त्याला थंडी वाजली. दोर त्याने माझ्या हाती दिला. तीस दिवस संपले, वर्ग ती गोष्ट विसरला. मी मात्र थांबले नाही. थांबण्याचे कारण मला कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवसांत आमच्या बागेच्या कुंपणाबाहेरून पहाटेपासून कापसाच्या गाड्या जात. मोर्शीकडून आणि चांदूर बाजाराकडून येणाऱ्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्यांना कापूस लोंबत असे. ज्याच्याकडे वीतभर काळी जमीन होती त्याने तीत कापूस लावला होता. शेजारी माझ्या बापाला, म्हणजे आमच्या बाला, रोज विचारीत, "काहून गा, वांगेच लावून राहिला तू अजून?" बा म्हणे, "सारे कापूस लावून राहिले. मंग खातीन काय, सरकी?" त्याचा हिशेब बरोबर निघाला. आम्ही माळी होतो; गाडीवान, अडते, हमाल यांनी भरलेल्या त्या गावात आमची भाजी दुपारपर्यंत उरत नसे, आणि भावाची शाळा त्या भाजीवर निश्चिंत चालली.

माझ्याविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. माझे लग्न मी पाळण्यातून नुकतीच उतरलेली असताना झाले आणि मी सात वर्षांची असताना संपले. त्या मुलाचा चेहरा मला आठवत नाही. म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. आमच्यात पाट लावण्याची चाल आहे, म्हणजे विधवेचा दुसरा संसार मांडता येतो. माय त्यासाठी स्थळ पाहत होतीच. बा म्हणाला, पोरगा हायस्कूल संपवून कॉलेजात जाईपर्यंत घरात दुसरी गडबड नको. भावाच्या अभ्यासाच्या आड मला अशी पाच वर्षे मिळाली.

मास्तर पुण्याचे होते. वही तपासताना तिसऱ्या दिवसापासून अक्षर बदललेले त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या रविवारी ते भाजी घेण्याच्या निमित्ताने बागेत आले आणि त्यांनी विचारले, "हे आकडे कोणी मांडले?" भावाने माझ्याकडे बोट दाखवले. शिक्षा मला होणार असे त्याला वाटले असावे. मास्तरांनी वांगी घेतली, वही परत दिली आणि सांगितले, "हात लिहितेस, बोटेही लिहीत जा. गाठीच्या पुढे जे उरते ते फेकून द्यायचे नाही." त्या दिवसापासून माझ्या वहीत बोटे आली. एका हाताची चोवीस.

पुढे आमची रीत ठरून गेली. भाऊ शाळेत जे शिके ते संध्याकाळी मला सांगे. भूमिती, बीजगणित, पदार्थविज्ञान, इंग्रजी वाचन. अडले ते मास्तर रविवारी सोडवीत. भाऊ म्हणे, "मास्तर मोट, मी दांड, अन तू वाफा. पानी सारं तुयातच मुरून राहिलं, माह्यात थेंब नाई उरत." हे पहिल्या दोन वर्षांपुरते खरे होते. तिसऱ्या वर्षी बीजगणितात दांड उलटा वाहू लागला आणि त्यालाही त्याचे वाईट वाटले नाही. परीक्षेच्या आधी तो सरळ म्हणे, "समजावून सांग वं मले, पन हळू. मी तुह्यासारखा मोकळा नाई, मले शाळेत जा लागते."

चूक दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात झाली. पाऊस लागून आठ दिवस झाले होते. विहिरीच्या आतल्या पायऱ्यांपैकी एक पायरी पाण्याखाली गेलेली मला डोळ्यांनी दिसत होती. दोर मात्र सांगत होता, की पाणी जागचे हललेले नाही. बावीस हात, पूर्वीइतकेच. मी पुन्हा मोजले. पुन्हा बावीस. मग मी जे केले ते लिहिताना आजही मला संकोच वाटतो: मी डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि सोळा दिवस दोराचे आकडे इमानाने वहीत उतरवले.

सतराव्या दिवशी मी दोर वाळवण्यासाठी दोन लिंबांच्या मध्ये ताणला. पूर्वी तो एका खोडापासून दुसऱ्यापर्यंत नेमका बारा गाठी भरे. आता गाठी तेवढ्याच होत्या आणि दोर अर्धा हात अपुरा पडत होता. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, हे आमच्या बागेत प्रत्येकाला ठाऊक होते. मोटेचा नाडा पावसाळ्यात आखडतो म्हणून बा दरवर्षी गाठ सैल करी. मलाही ठाऊक होते. फक्त जो नाडा आखडतो आणि ज्या दोराने मी मोजते ते दोन्ही एकाच अंबाडीचे, हा विचार मी केला नव्हता.

मी सोळाही आकडे खरवडून काढायला बसले होते. मास्तरांनी चाकू काढून घेतला. "एकेक रेघ मार, पण आकडा वाचता आला पाहिजे. आणि शेजारी कारण लिही." शेजारी जागा नव्हती, म्हणून मी एक अरुंद रकाना आखला आणि त्याच्या माथ्यावर मला येत असलेला शब्द लिहिला: काहून. मास्तर हसले, पण त्यांनी तो खोडला नाही. घरी त्या शब्दाला मान नव्हता. माय तो केवळ रागावण्यासाठी वापरी: काहून उशीर केला, काहून सांडलं, काहून बसली. त्याला उत्तराची अपेक्षा नसे.

पाचव्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. भावाची प्रवेशपरीक्षा जवळ आली. आणि मास्तरांनी बातमी आणली, की पुण्यात शिक्षिका तयार करणारे कॉलेज निघाले आहे, त्यासाठी वऱ्हाडातून एकदोन मुली निवडायच्या आहेत आणि परीक्षा अकोल्याला होईल. त्याच आठवड्यात मायचे स्थळही पक्के झाले. माणूस चांदूर बाजारचा होता.

"मानूस बेस हाये," माय म्हणाली. "दारू नाई, तोंडात शिवी नाई. दोन विहिरी हायेत त्याच्या."

दोन विहिरी हा मुद्दा मला खरोखरच मोहात पाडणारा होता. ते मी बोलून दाखवले तेव्हा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. बाने शांतपणे निकाल दिला, "अकोल्याले पास झाली त पुन्याले जाईन. नाई झाली त चांदूर बाजार. मंग कोनी रडाचं नाई. कबूल?" मी कबूल म्हटले. मायनेही म्हटले, तिला निकालाविषयी शंका नव्हती.

बडनेऱ्याहून आगगाडीने आम्ही अकोल्याला गेलो, बा आणि मी. बाने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला होता. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "वही त कोनीबी लिहीन. दोर पाहिला म्हंजे समजन."

गणिताचा कागद मी वेळेपूर्वी दिला. शुद्धलेखनात एका ठिकाणी 'मला' ऐवजी 'मले' लिहून गेले, आणि ते मला कागद दिल्यावर आठवले. मग तोंडी परीक्षेसाठी बोलावले. पुण्याहून आलेले परीक्षक वृद्ध, नीटनेटके गृहस्थ होते. माझी वही त्यांनी बराच वेळ चाळली आणि एका पानावर बोट ठेवले.

"हा कोणता शब्द?"

"काहून."

"ते दिसते आहे. अर्थ काय?"

"का, असा."

"मग 'का' लिहावे. उद्या तुमच्या तोंडून मुली हेच उचलतील."

मी उत्तर मनात तयार करूनच आले होते. मी म्हटले, "रावसाहेब, 'का' लिहिले म्हणजे दोन प्रश्न एकत्र होतात. कशासाठी, हा एक. आणि कशातून, हा दुसरा. विहिरीला काही हवे नसते, म्हणून पहिला तिला विचारता येत नाही. 'काहून'मध्ये मला 'कशाहून' ऐकू येते, म्हणून तो शब्द घेतला."

"मग 'कशामुळे' असा चांगला शब्द आहे. तो का घेतला नाही?"

शब्द होता, आणि तो बरोबर होता. चांदूर बाजारच्या दोन्ही विहिरी मला स्पष्ट दिसू लागल्या. मी म्हटले, "मला सुचला नाही."

दारात उभा असलेला बा तेवढ्यात बोलला, "रावसायेब, रकाना लहान हाये. येवढं लंबं त्यात मावत नाई."

परीक्षकांनी चष्मा काढला. ते हसत होते की काय हे मला ठरवता आले नाही. त्यांनी विचारले, "आणि हे सोळा आकडे चुकीचे ठरले, तर ठेवले कशाला?" मी बाकडून दोर मागून घेतला. खोलीच्या लांबीला तो ताणून परीक्षकांनाच गाठी मोजायला सांगितल्या, मग व्हरांड्यातल्या घंगाळात भिजत घातला. अर्ध्या तासाने, दुसऱ्या एका मुलीची परीक्षा झाल्यावर, त्यांनी स्वतः तो पुन्हा ताणला. धोतराचा सोगा भिजला तरी त्यांनी गाठी दोनदा मोजल्या.

"आकडे खरवडले असते," मी म्हटले, "तर दोर आखडतो एवढेच उरले असते. मी चुकले होते हे उरले नसते."

त्यांनी वही मिटून दिली. परतीच्या गाडीत बा म्हणाला, "दोर आनला हे बेस झालं." मी म्हटले, "रकान्याचं बोलला नसता तर आनखी बेस झालं असतं." त्यावर आम्ही मूर्तिजापूरपर्यंत भांडलो.

निकाल महिन्याने शाळेच्या पत्त्यावर आला. भावाचा त्याआधीच लागला होता आणि तो मुंबईच्या कॉलेजात जाणार हे ठरले होते. त्याने पत्र ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचले: निवड झाली आहे, गणित व निरीक्षण उत्तम, भाषा सुधारावी. शेवटचे दोन शब्द त्याने चार वेळा वाचले. माय आत गेली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या चांदूरवाल्याले निरोप कोन सांगन? मी नाई सांगनार." बा जाऊन सांगून आला. परत येताना त्या माणसाने दिलेली भेंडीची बी घेऊन आला. माणूस खरेच बेस होता.

भाषा मी सुधारली. आज मी पुण्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, फळ्यावर 'कशामुळे' लिहिते आणि रकाना रुंद आखते.

निघायच्या दिवशी, डिसेंबरातल्या सकाळी, सातच्या टोलाला मी विहिरीवर गेले तेव्हा माय तेथे आधीच उभी होती. तिने दोर माझ्या हातून घेतला आणि स्वतः सोडला. गडवा पाण्याला टेकल्याचा आवाज आला. तिने गाठी मोजल्या, उरलेली बोटे मोजली आणि विचारले, "काल किती होतं?"

"एकोणीस हात, दोन बोटं."

"मंग चार बोटं उतरलं. काहून?"

पाच वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच प्रश्न म्हणून ऐकला.

"काल दोन मोटा चालल्या दिवसभर."

"मंग उद्या चढन?"

"उद्याचं तू पाहजो."

"मले लिहिता येते काय?"

"गाठी त मोजता येते ना. बाले सांगजो, तो कोळशानं रेघा मारन."

ती दोर लिंबाला टांगायला गेली. मी दगडावर वही ठेवून लिहिले. दोर कोरडा. पाणी १९ हात ६ बोटे.