हाराचा स्टँड

रंभाजीनं नागापूरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं एकाच ग्राइंडरवर काढली. जॉब म्हणजे घासायचा तुकडा लोखंडाचा, त्याला धरणारी पाटी चुंबकाची. पाटीवरून उचललेला जॉब स्वतःच थोडा चुंबक होऊन येतो आणि लोखंडाचा कीस ओढून धरतो. ते चुंबकत्व उतरवल्याशिवाय रंभाजीनं एकही जॉब पुढं दिला नाही. दुसऱ्या पाळीचे लोक तसेच द्यायचे. त्यांचे जॉब परत यायचे, रंभाजीचे येत नसत. हे कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. रंभाजी आपलं ग्राइंडर धुऊन-पुसून लख्ख करी आणि हळदीकुंकवाचं ताट आलं की बाजूला सरे. त्याच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले होते. यंत्र स्वच्छ ठेवलं की झालं, असं तो मानी. पूजेसाठी त्याच्या हातचं कोणी काही मागतही नसे.

सत्त्याण्णवच्या खंडेनवमीला हेडक्लार्क गोरक्षनाथ स्वतः शेडमध्ये आला. त्या वर्षी ऑफिसात पहिला कंप्युटर बसला होता आणि तो चालवायला रंभाजीची मुलगी यशोधरा तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती. अडीच महिने झाले होते. पंधरा दिवस निघाले की ती कायम होणार होती.

"रंभाजी, तुझा तो दांड्याचा स्टँड दे. कंप्युटरला हार घालायचाय, अडकवायला कायच न्हाई."

स्टँड म्हणजे लोखंडी ठोकळा, त्याच्या पोटात चुंबक आणि वर उभा दांडा. दांड्याला डायल लावून माप बघायचं. ठोकळ्याला एक खटका असतो. तो फिरवला की चुंबक धरतो, उलटा फिरवला की सोडतो. रंभाजीनं खटका बंद केला, ठोकळा रॉकेलनं पुसला, कोरड्या फडक्यानं परत पुसला आणि दोन्ही हातांनी दिला. खटक्याला हात लावू नका, एवढं सांगायचं राहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातची वस्तू पूजेला चालली होती. त्या आनंदात राहिलं.

कंप्युटरच्या पडद्यावर मालक आबासाहेबांच्या आईचा, वारलेल्या केशरबाईंचा फोटो लावायचा होता. गोरक्षनाथानं नगरच्या स्टुडिओतून तो फ्लॉपीवर आणला होता. पडदाभर केला तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

"फोटो फार लहान स्कॅन केलाय, भाऊसाहेब," यशोधरा म्हणाली. "ताणला की असाच दिसणार. मोठा स्कॅन करून आणावा लागंल."

"आजच्या पुरतं चालतंय."

स्टँड पडद्याच्या डब्यावर उजव्या कडेला ठेवून हार अडकवला आणि पूजा झाली. यशोधरा बाजूला उभी राहिली, बापासारखीच.

सुट्टीनंतर तिनं कंप्युटर चालू केला तर केशरबाईंच्या कपाळावर हिरवा आणि गालावर जांभळा डाग. वरच्या बाजूची अक्षरंही फुटल्यासारखी, कडेला तांबडी किनार घेऊन. चारदा बंद-चालू करून पाहिलं, डाग हलला नाही.

आबासाहेब पडद्यासमोर उभे राहिले. "आईच्या तोंडाला काय फासलंस हे?"

"मी काहीच केलं नाही, साहेब."

"तेच तर," गोरक्षनाथ म्हणाला. "पूजेलासुद्धा काही केलं नाही. हात जोडायला काय पैसे पडत होते?"

आबासाहेबांनी पुण्याहून इंजिनियर बोलावला. तो शनिवारी येणार होता. यशोधरानं तोवर घरी बसायचं होतं.

रंभाजीनं घरी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डाग जागा बदलतो का?"

"नाही, आप्पा. फोटो काढून दुसरं काही लावलं तरी तिथंच."

"म्हंजे फोटोत न्हाई, काचेत हाय. कुठल्या बाजूला?"

"वर, उजव्या अंगाला. हार होता तिथं."

सकाळी शेडमध्ये जाऊन त्यानं आपलं कपाट उघडलं. स्टँड परत येऊन पडला होता. खटका चालू होता आणि ठोकळ्याला किसाची दाढी आली होती. पूजा आटोपल्यावर, सुट्टीभर स्टँड डुगडुगू नये म्हणून कोणीतरी खटका फिरवला होता. प्लास्टिकवर चुंबक धरत नाही, हे कळायला स्टँड वापरलेला लागतो.

जेवणाच्या तीन सुट्ट्या त्यानं उपाशी काढल्या. वायरमनकडून तांब्याची तार मागून हातभर रुंदीचं वेटोळं केलं. वेढे मोजून चारशे, एकावर एक, वरून कापडी पट्टी. जॉबमधलं चुंबक उतरवतात तसं काचेमागच्या लोखंडातलंही उतरेल, हा त्याचा हिशेब होता. मधल्या वेळात यशोधरा स्टुडिओत जाऊन फोटो मोठा स्कॅन करून घेऊन आली.

शुक्रवारी यशोधराला घेऊन तो ऑफिसात गेला आणि एकदा करून बघू द्या म्हणाला. आबासाहेब म्हणाले, "बघ. पण फुटला तर तुझ्याकडून भरून घेईन."

रंभाजीनं वेटोळ्यात वीज सोडली, ते पडद्यासमोर गोल फिरवलं आणि तसंच फिरवत पावलापावलानं मागं आला. भिंतीला पाठ लागल्यावर बटण सोडलं. डाग गेला. अक्षरांची किनार गेली. यशोधरानं नवी फ्लॉपी घातली. केशरबाईंचा चेहरा सरळ समोर आला. हनुवटीवरचं गोंदण टिंबाटिंबानं दिसत होतं.

आबासाहेबांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "झालं कशानं हे?"

रंभाजीनं सांगितलं. स्टँड, खटका, सगळं. तो फिरवला कोणी, ते त्यानं विचारलं नाही, पण गोरक्षनाथाकडं बघितलं.

"स्टँड कोणाचा?" गोरक्षनाथ म्हणाला.

"माझा."

"ऐकलं का साहेब? बापाच्या हत्यारानं बिघडलं आन् बापानंच दुरुस्त केलं. घरच्या घरात कारभार."

आबासाहेब हसले. "रंभाजी, चुंबक काय करतं ते तुला ठाऊक. मग सांगायचं होतं."

हे खरं होतं.

"पोरीला राहू द्या, साहेब. तिची चूक न्हाई."

"चूक नाही, मान्य. पण सोमवारपासून गोरक्षनाथांची भाची येतीय, रुपाली. शब्द दिलाय मी. यशोधरानं दोन दिवस तिला शिकवून जावं."

यशोधरा घरी येऊन म्हणाली, "मी नाही शिकवायची."

"शिकवायचं तर पुरतं शिकव," रंभाजी म्हणाला. "अर्धं काम आपल्या घरात न्हाई."

तिनं शिकवलं. वहीत लिहूनही दिलं. पहिल्या पानावर लिहिलं की फोटो नेहमी मोठ्या स्कॅनची फ्लॉपी घालून लावावा, लहान ताणू नये.

पुढच्या खंडेनवमीला गोरक्षनाथ परत शेडमध्ये आला. "रंभाजी, तो स्टँड."

"स्टोअरमधून घ्या. चिठ्ठीवर तुमची सही लागंल."

गोरक्षनाथ चिठ्ठी न लिहिताच गेला. हार सुतळीनं बांधला.

ऑफिसच्या काचेतून रंभाजीला पडदा दिसत होता. रुपालीनं जुनी, लहान स्कॅनची फ्लॉपी लावली होती. केशरबाईंचं तोंड पुन्हा चौकोन चौकोन झालं होतं. आबासाहेबांनी त्यालाच हात जोडले.

यशोधरा तेव्हा राहुरीला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला उभी असायची.

रंभाजीनं आपला स्टँड पुसला, खटका बंद आहे ना ते दोनदा बघितलं आणि कपाटाला कुलूप लावलं.