पऱ्यावरची हजेरी

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळ, पऱ्यावर. हजर: गावकर, म्हणजे आमच्या गावकीचे प्रमुख. त्यांचा पुतण्या, रत्नागिरीत शिक्षक, रविवारी गावी येतो. वरच्या वाडीतले वयस्क पुरुष. खालच्या वाडीतल्या बायका, कारण त्यांचे पुरुष मुंबईला. बौद्धवाडीतून घरटी एक माणूस. ग्रामसेवक, उशिरा. मी. आणि एक बाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

पऱ्या म्हणजे गावामधून वाहणारा ओहोळ. पावसाचं पाणी ओसरलं की आम्ही त्यावर बंधारा घालतो: दगड, माती आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. आधी नारळ, मग हजेरी. घर पुकारायचं, घरच्या माणसानं ‘हाय’ म्हणायचं. ज्या घराचा ‘हाय’ आला त्याला उन्हाळ्यापर्यंत पाण्याची पाळी. सही नाही, शिक्का नाही. पुकारलंच नाही तर पाळी नाही.

हजेरी यंदा माझ्याकडे होती. पूर्वी घेणारे गृहस्थ मुलाकडे डोंबिवलीला गेले, आणि बचत गटाचा हिशेब मी नीट ठेवते हे सगळ्यांनी पाहिलेलं. बाईकडे हे काम पहिल्यांदाच आलं. मान म्हणून नव्हे, दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

नारळ फोडेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. शिक्षक म्हणाला, “काकी, वर्गात विचारलं, उद्या सरकार बंद पडलं तर काय होईल? सगळ्या पोरांनी लिहिलं, चोऱ्या होतील, मारामाऱ्या होतील.”

“आमच्याकडं चालू कधी झालं ते आधी लिवा म्हणावं त्यांना,” खालच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले. गावकर सगळ्यांत मोठ्यानं.

मीही हसले. माझंही मत तेच होतं, आणि अजून बरंचसं तेच आहे. पऱ्यावरचा साकव वाहून गेला तर आम्ही घालतो. आजाऱ्याला खुर्चीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आम्ही नेतो. निम्मं गाव मुंबईला आहे, तरी कुणाकडे मयत झालं तर खांदा कमी पडत नाही. यातलं काहीही कुठल्या कचेरीनं शिकवलेलं नाही. सरकार नसलं की माणसं एकमेकांना खातील असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे येऊन आठ दिवस राहावं.

नारळ फुटला. गावकर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, तेवढं एक घर सोडून पुकारा.”

कुठलं ते मला सांगायला नको होतं. ती करंजाखाली उभी होती, पायाशी घमेलं आणि फावडं. नवरा गेल्यावर तिच्या दिरानं बांधाचा दगड तिच्या जमिनीत सरकवला. गावकी बसली आणि निवाडा दिराच्या बाजूनं झाला. ती तहसीलला गेली, मग पोलिसांत. गावाचा निवाडा गावाबाहेर नेला, हा तिचा गुन्हा. गणपतीत आरतीची मंडळी तिच्या दारावरून पुढे गेली. वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तो शब्द कुणी काढत नव्हतं. ‘तिचं घर सध्या धरलेलं नाय,’ एवढंच म्हणायचे. पऱ्याखालच्या तिच्या मळ्यात माठ आणि मुळा होतो. तो ती हातखंब्याला हायवेच्या कडेला बसून विकते आणि त्यावर मुलीचं नर्सिंग चाललंय. पाळी नाही तर भाजी नाही, आणि भाजी नाही तर मुलगी घरी.

गावकरांना मी ‘बरं’ म्हटलं नाही. गप्प राहिले, आणि त्यांनी तो होकार धरला. तिथं ते चुकले. वगळायचंच होतं तर हजेरी दुसऱ्या कुणाकडे द्यायची होती.

मी ओळीनं घरं पुकारत गेले. तिचं घर आलं, तेही पुकारलं.

“हाय,” ती म्हणाली. तिनं फावडं उचललं.

“वहिनी, चूक झाली,” गावकर म्हणाले. “पुढचं घर घ्या.”

“चूक नाय झाली.”

“तिनं गाव सरकारकडं नेलंन.”

“गावानं तिचं ऐकलं नाय म्हणून नेलंन. निवाड्याला तिला बसवलंत तरी काय? पडवीत उभी होती.”

“बाया बैठकीत बसत नाय आपल्यात.”

“मग बंधाऱ्याला कशा चालतात? बघा, इथं बाया किती नि बापे किती.”

“जावंदे गो,” मघाची म्हातारी म्हणाली, “आपण जाऊ घरी. पिशव्या त्येच भरतील, नि भाकऱ्या पण त्येच भाजतील.”

तेवढ्यात मोटारसायकलवरून ग्रामसेवक आले. बरोबर योजनेचा बॅनर. बंधारा आमचा, घाम आमचा, पण फोटो वर पाठवायचा असतो. मी त्यांना गाठलं. “भाऊसाहेब, बरे आलात. एक घर वगळा म्हणतात. तुमचा कायदा काय सांगतो?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गावकरांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. “ताई, हा तुमचा आपसातला विषय. मिटवून घ्या. मला फक्त काम झाल्याचा फोटो हवाय.”

बॅनर उलगडला. मघापासून सरकारचं नाव काढलं म्हणून चिडलेले गावकर त्याचं एक टोक धरून उभे राहिले. मला फोटोत बोलावलं, मी गेले नाही. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं तिथं? गावाला सरकार लागत नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण गाव जेव्हा आपल्यातल्या एका बाईला बाहेर काढतं, तेव्हा ते स्वतःच सरकार होतं, आणि तेही असं, की जिथं अर्ज द्यायला खिडकीसुद्धा नाही. अशा गावाची बढाई मी मारणार नाही.

मुंबईला असलेल्या आमच्या गाववाल्यांच्या मंडळाला कुणीतरी कळवलं होतं, त्यांचा फोन आला. शिक्षकानं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. “मंडळाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका!”

“मंडळ माती भरायला येतंय काय?” कुणीतरी ओरडलं. फोन बंद झाला.

वरच्या वाडीतले पुरुष कातळावर जाऊन बसले. तेव्हा बौद्धवाडीतले एक आजोबा पुढे आले. “माझ्या आज्यानं या पाण्याला हात लावू नये, ह्ये गावच सांगत व्हतं. सरकार नाय,” ते म्हणाले. “पुकारलं त्ये पुकारलं.” आणि वाकून पिशवी भरायला लागले. त्यांची वाडी त्यांच्यामागून आली, आमच्या बायकाही. शिक्षक जरा घुटमळला, काकांकडे बघून घेतलं, मग पॅन्ट दुमडून पाण्यात उतरला. गावकर घरी निघून गेले.

दुपारपर्यंत दोन्ही काठांकडून बंधारा आला. मधलं तोंड राहिलं. तिथं पाणी खोल आणि ओढ जास्त, आणि पहिली पिशवी गावकरांनी टाकायची ही रीत. “मी उतरतंय,” करंजाखाली उभी होती ती म्हणाली आणि उतरली. तिनं टाकलेल्या पिशव्या पाण्यानं ओढून नेल्या, कारण घाईत त्यांची तोंडं नुसती पिळून बांधली होती. ग्रामसेवकांनी बंधाऱ्याचं उघडं तोंड दिसणार नाही अशा बाजूनं फोटो काढला आणि ते गेले. कातळावरचे पुरुष बघत होते. एकही उठला नाही.

पाळ्या मी लावून टाकल्या. तिचं घर नेहमीच्या जागी आहे. ज्याला आक्षेप असेल त्यानं माझ्या दारात येऊन तोंडावर सांगावा. अजून कुणी आलेलं नाही.

पाणी निम्मं अडलंय, निम्मं जातंय. नव्या पिशव्या भरून काठावर रचल्यात, त्या सुतळीनं शिवायच्या आहेत. मधलं तोंड बुजवायचं राहिलंय.