मोराच्या भिंतीवर नाव नव्हतं

मंडळी, निंबर्ग्याकडून आत्ताच घरी आलो आणि आधी हे लिहायलोय.

आमचा पेंटर संघ तुम्हाला दुकानांच्या पाट्यांमुळे माहीत असेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी सीमेवरच्या एका खेड्यातली शाळा फुकट रंगवायचो. एका भिंतीवर मराठी बाराखडी, दुसरीवर कन्नड, मध्ये मोर नि ज्वारीचं कणीस. संघ काढणाऱ्या शिवप्पा अण्णांचा नियम एकच होता. दुकानाच्या पाटीवर सही करा, सेवेच्या कामावर न्हाई.

अण्णांचा हात आता थरथरतो. "एकदा निंबर्ग्याच्या शाळेतली ती मोराची भिंत दाखव," म्हणून मागं लागले होते. आज गाडीवर बसवून नेलं.

भिंत पांढरीफटक होती. शाळेत नव्यानं आलेल्या बाई अगत्यानं म्हणाल्या, "चित्रं फार विटली होती. कुणी काढली, गावात कुणालाच सांगता येईना. मग चुना मारून घेतला."

मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी माझा दंड दाबला. बाईंनी दिलेला चहा पिऊन, "चुना झकास बसलाय," म्हणून उठले.

परतीच्या वाटेवर कडगंचीजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. "नाव कामून लिहू दिलं न्हाई रं मी?"

"जाऊ द्या अण्णा. नावासाठी थोडंच केलं आपण?"

"नावासाठी न्हाई रे येड्या. नाव असतं तर बाईंनी बोलावलं असतं. मोरात परत रंग भरून दिला असता की!"

तुमच्या गावच्या शाळेतला मोर कुणी काढला, ठाऊक आहे? काढणारा अजून असेल, तर चुन्याआधी त्याला हाक मारा.